कर्तव्यावर हजर

14 जून 2021, सोमवार

आस्थापनेचं टेबल आजपासून माझ्याकडे. चार्ज यादीत नेहमीचं सगळं होतं: सेवापुस्तकं, रजा प्रकरणं, कालबद्ध पदोन्नती, दोन न्यायालयीन बाबी. सगळ्यात खाली पेनानं वाढवलेली ओळ, 'कोविड सानुग्रह, प्रलंबित'. बदलून चाललेले भाऊसाहेब किल्ली देताना म्हणाले, "मॅडम, बाकीचं सावकाश बघा. खालचा कप्पा आधी."

कप्प्यातल्या फायलींवर फोटो टाचलेले आहेत. बहुतेक सेवापुस्तकातून काढलेले, म्हणजे नोकरीला लागतानाचे. पन्नाशी ओलांडून गेलेला ग्रामसेवक फोटोत पंचविशीचा, मिशी नुकती राखलेली.

दुपारी 29 मे 2020 चा शासन निर्णय काढून वाचला. सर्वेक्षण, शोध, चाचणी, प्रतिबंध, उपचार, मदतकार्य यांपैकी कोणत्याही कामावर असताना कोविडनं माणूस गेला तर वारसांना 50 लाख. पोलीस, होमगार्ड, अंगणवाडी, लेखा व कोषागार, अन्नपुरवठा, पाणीपुरवठा, सगळे आत. शिवाय कंत्राटी, रोजंदारी, मानसेवी, बाह्यस्रोताकडून घेतलेले, तेही आत. सरकारी कागद एरवी इतका ऐसपैस नसतो. जड अट एकच: दवाखान्यात दाखल होण्याआधीच्या किंवा मृत्यूआधीच्या 14 दिवसांत माणूस कर्तव्यावर हजर असला पाहिजे, आणि तसं वरिष्ठांनी प्रमाणित केलं पाहिजे.

हजर होता हे कशावरून, एवढंच आता माझ्या टेबलाचं काम.

16 जून, बुधवार

राज्यभरच्या आशाताई कालपासून संपावर आहेत. गेटसमोर घोषणा चालू होत्या. मागण्या मानधनाच्या आणि कोविड भत्त्याच्या. मागच्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं तेव्हा दारोदार ऑक्सिमीटर घेऊन फिरल्या त्या याच बायका. काही गावांत लोकांनी दार उघडलं नाही, काही ठिकाणी कुत्रं सोडलं.

त्यांतल्या दोघी पाणी प्यायला वर आल्या. एकीनं बाटली भरता भरता विचारलं, "आमच्यातली गेलेली आहे का तुमच्या कप्प्यात?"

आहे. एप्रिलमध्ये गेली. तिचं प्रकरण केंद्राच्या विम्यातून जायचं आहे. ती योजना 30 मार्च 2020 पासूनची, देशातल्या 22 लाखांवर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी, आशांसकट. मुदतवाढीवर मुदतवाढ घेत ती 24 मार्च 2021 ला संपल्याचं कळवलं गेलं आणि दुसरी लाट ऐन भरात आल्यावर 24 एप्रिलपासून पुन्हा चालू झाली. या दोन तारखांच्या मधल्या महिन्यात गेलेल्यांच्या घरच्यांनी काय करायचं, हा प्रश्न ज्यानं तारखा ठरवल्या त्याला पडला असेल का? आपली ताई सुदैवानं 26 एप्रिलला गेली. 'सुदैवानं' असं इथं लिहावं लागतंय.

23 जून, बुधवार

नाक्यावरच्या गुरुजींची फाईल. सगळ्यात अवघड हीच जाईल असं दिसतंय, आणि माणूस मात्र कायम नोकरीतला, एकवीस वर्षं सेवा झालेला.

शाळा बंद होत्या. त्यामुळे शाळेच्या हजेरीपटावर एप्रिलची सही नाही. गुरुजी होते जिल्ह्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर, पोलिसांच्या जोडीला, वाहनं तपासायला. ड्युटी लावली महसूलनं, पगार शिक्षण विभागाचा. महसूल म्हणतं, तुमचा कर्मचारी, तुम्ही प्रमाणित करा. शिक्षण विभाग म्हणतो, आमच्याकडे तो हजर नव्हताच, ज्यांनी कामाला लावलं त्यांनी लिहून द्यावं. मुख्याध्यापकांनी पत्रात प्रामाणिकपणे लिहिलंय, 'सदर कालावधीत शाळेत उपस्थित नव्हते.' खरंच आहे ते. त्या एका खऱ्या वाक्यानं फाईल दोन महिने अडकली.

आज वहिनी, गुरुजींच्या पत्नी, आल्या होत्या, बारावीतल्या मुलाला घेऊन. लेखी आदेश मागितला तर म्हणाल्या, "आदेश कुठला आलाय, ग्रुपवर मेसेज यायचा." मग पिशवीतून गुरुजींचा मोबाइल काढला. स्क्रीनला तडा गेलेला. पॅटर्न मुलाला ठाऊक होता. ग्रुप सापडला. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या पाळ्यांची यादी, कुणीतरी हातानं लिहून फोटो काढलेली. त्याखाली ज्याचा त्याचा 'हो सर'. आणि सकाळी हजेरी म्हणून टाकलेले फोटो, तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश खाली छापून येणारे. गुरुजी मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेत, हातात तापमान बघायची बंदूक, मास्क हनुवटीवर ओढून, चेहरा दिसावा म्हणून. मागं टेम्पोंची रांग. शेवटचा फोटो 9 एप्रिलचा, सकाळी 7 वाजून 52 मिनिटं. 15 ला दाखल केलं.

चौदा दिवसांच्या आत बसतं. दोनदा मोजलं.

मुलाला सगळे स्क्रीनशॉट मेल करायला सांगितले आणि ग्रुप डिलीट करू नको, फोन विकू नको, असं बजावलं. जाताना वहिनी म्हणाल्या, "पैशाची गरज आहे, खोटं कशाला बोलू. पण ते कामावर नव्हते असं सरकारनं लिहिलं ना, तर गावात लोक म्हणतील कुठंतरी लग्नाला जाऊन आणला. सासऱ्यांना तेच सोसंना झालंय."

गेल्या वर्षभरात ऐकलेल्या भाषणांपेक्षा हे बोलणं मला जास्त कळलं.

2 जुलै, शुक्रवार

रुग्णवाहिकेच्या चालकाची फाईल. एजन्सीमार्फत लागलेला, एकतीस वर्षांचा. हजेरीपट एजन्सीकडे, एजन्सीचा ठेका मार्चमध्ये संपलेला, नव्या ठेकेदाराकडे जुनं रेकॉर्ड नाही. फोन केला की "बघून सांगतो". तीन आठवडे बघणं चालू आहे.

शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रावर स्वतः गेले. तिथल्या औषध निर्माण अधिकाऱ्यांनी गाडीचं लॉगबुक काढून दिलं. लांबट रजिस्टर, पुठ्ठ्याची बांधणी, कडा सॅनिटायझरनं फुगलेल्या, काही ओळींवरची शाई पसरलेली. रकाने आम्हाला पाठ असतात: तारीख, निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ, कोठून कोठे, कारण, सुरुवातीचं किलोमीटर, शेवटचं किलोमीटर, डिझेल, सही. एरवी कारणाच्या रकान्यात 'शासकीय कामानिमित्त' या पलीकडे कुणी काही लिहीत नाही. यानं लिहिलंय. 'पेशंट स्त्री 60, ऑक्सिजन 81, बेड नाही, दुसरीकडे.' पुढच्या ओळीत 'बेड नाही.' त्याच्या पुढच्या ओळीत 'बेड मिळाला 3.10 पहाटे.' एका तारखेला सहा फेऱ्या. किलोमीटरचे आकडे कुठंही चुकलेले नाहीत. मी सगळी बेरीज करून पाहिली, सवयच आहे.

शेवटच्या पाच दिवसांत सही बारीक होत गेलीय. शेवटच्या ओळीत निघाल्याची वेळ आहे, पोहोचल्याची नाही. त्या फेरीला परत येताना गाडी दुसऱ्यानं चालवली, असं तिथल्या नर्स सांगत होत्या. हा मागं स्ट्रेचरवर होता.

पानांच्या साक्षांकित प्रती घेतल्या. वैद्यकीय अधिकारी बाईंनी प्रत्येक पानावर शिक्का मारला, तारीख घातली. "पुढची कामं थांबू द्या," म्हणाल्या.

15 ऑगस्ट, रविवार

ध्वजवंदनानंतर कोविड योद्ध्यांचा सत्कार. प्रशस्तिपत्रं, शाल, श्रीफळ. ज्यांना मिळाली त्यांतले काही खरोखर राबलेले, काही फोटोत राबलेले. निधन पावलेल्यांसाठी दोन मिनिटं स्तब्धता झाली. नावं वाचली नाहीत, वेळ कमी होता.

गेल्या वर्षी 3 मे ला मुंबईत के.ई.एम., जे.जे.वर हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली ते आठवलं. टीव्हीवर बघताना माझ्या जाऊबाई रडल्या होत्या. त्या परिचारिका आहेत. रडून झाल्यावर म्हणाल्या, "पीपीई किट मात्र आज पण मोजूनच दिलेत." मला फुलांचं वावडं नाही. वेळेवर पडली तर बरं वाटतंच माणसाला. पण फुलं टाकायला वारसाचा दाखला लागत नाही, हा फरक राहतोच.

5 ऑक्टोबर, मंगळवार

काल सर्वोच्च न्यायालयानं कोविडनं मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना 50 हजार द्यायच्या प्रस्तावावर शिक्कामोर्तब केलं. मृत्यूच्या दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही, एवढ्या कारणानं नाकारता येणार नाही. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून 30 दिवसांत गेला तर घरी गेला तरी धरायचा. ही रक्कम वेगळी, आमची वेगळी. दिवसभर फोन: "मॅडम, आता 50 लाखाचे 50 हजारच देणार का?" नाही हो, नाही. घसा बसला.

22 ऑक्टोबर, शुक्रवार

काल पोलीस स्मृतिदिन. भाचा शिपाई आहे, त्याची कवायत बघायला मुख्यालयाच्या मैदानावर गेले होते. 21 ऑक्टोबर 1959 ला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा पोलीस मारले गेले, त्यांचा हा दिवस. वर्षभरात कामावर गेलेल्यांची नावं वाचतात, बिगूल वाजतो. वाचणाऱ्याला नावं नीट यावीत म्हणून आदल्या दिवशी तालीम घेतात, हे भाच्यानं सांगितलं. ते मला फार आवडलं.

पोलिसांकडे निदान असा दिवस आहे, मैदान आहे, रीत आहे. त्यांनाही कोविडनं रीत शिकवलीच म्हणा. एप्रिल 2020 च्या अखेरीस मुंबईत लागोपाठ तीन हवालदार गेले, तिघेही पन्नाशीच्या पुढचे, तेव्हा आयुक्तांनी 55 वर्षांवरच्यांना घरी थांबायला सांगितलं. ग्रामसेवकांना, गुरुजींना, आरोग्य सेविकांना, पाणीपुरवठ्याच्या माणसांना, एसटीच्या वाहकांना असा कोणता दिवस आहे? गेल्या साली एसटीच्या गाड्या जिल्ह्याजिल्ह्यांतून मुंबईत बेस्टच्या मदतीला गेल्या. तिथून आजार घेऊन परतलेल्या चालक-वाहकांसाठी बिगूल कुठं वाजवायचा?

आजच्या पेपरात जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे: जानेवारी 2020 ते मे 2021 या काळात जगभरात कोविडनं 80 हजार ते 1 लाख 80 हजार आरोग्य कर्मचारी गेले. खालचा आणि वरचा आकडा यांच्यात एक लाखाचं अंतर. एक लाख माणसं हजर होती की नव्हती तेच माहीत नाही. आपल्याकडंही गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात संसदेत सांगितलं गेलं की आरोग्य हा राज्यांचा विषय, असा आकडा केंद्राकडे ठेवत नाहीत. दुसऱ्याच दिवशी इंडियन मेडिकल असोसिएशननं 382 डॉक्टरांची यादी बाहेर काढली. डॉक्टरांची संघटना जोरदार, म्हणून यादी झाली. सफाई कामगाराची यादी कोण काढणार?

18 नोव्हेंबर, गुरुवार

चालकाचे 50 लाख मंजूर. लॉगबुकाच्या पानांवर एकही त्रुटी निघाली नाही. त्याच्या वडिलांना फोन केला. आबांनी दोनदा रक्कम विचारली, मग म्हणाले, "बाई, ती वही परत मिळंल का?" वही शासकीय अभिलेख, देता येत नाही. झेरॉक्स पाठवते म्हटलं. तेवढं नियमात बसतं.

गुरुजींचं अजून तिथंच. महसूलकडून स्मरणपत्राला उत्तर नाही.

7 डिसेंबर, मंगळवार

मुख्य इमारतीच्या पोर्चमध्ये स्मृतिफलक लावायचा ठराव झाला. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, दर अक्षरामागे. नावांची यादी माझ्या टेबलाकडून मागवली. प्रारूप आधीच कुणीतरी केलेलं होतं: वर्ग 1, वर्ग 2, वर्ग 3, वर्ग 4. प्रत्येक वर्गात सेवाज्येष्ठतेनुसार. मेल्यावरही सेवाज्येष्ठता! कंत्राटींचा रकानाच नव्हता.

टिपणी लिहिली. एक, नावं मृत्यूच्या तारखेनं लावावीत. आधी गेला तो आधी. ज्या क्रमानं आजार आला त्याच क्रमानं वाचणाऱ्याला कळेल की एप्रिल-मे 2021 मध्ये एकामागोमाग किती गेले. वर्गवारीत ते झाकलं जातं. दोन, प्रत्येक नावापुढं पदनाम आणि कामाचं ठिकाण लिहावं, 'कोविड योद्धा' लिहू नये. ग्रामसेवकाला ग्रामसेवक म्हणून मान मिळावा. तीन, शासनानं ज्याला कर्तव्यावर मृत धरून 50 लाख दिले त्याला भिंतीनं वगळायला आधार नाही. सबब चालक समाविष्ट. चार, आशा स्वयंसेविका समाविष्ट.

फाईल संध्याकाळी परत आली. समासात साहेबांचा शेरा, हिरव्या शाईत: 'चर्चा करावी.'

9 डिसेंबर, गुरुवार

चर्चा झाली. एक, दोन, तीन मान्य. चारवर अडलं. आशा ही कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे, तिला वेतन नाही मानधन आहे. हिचं नाव घातलं तर उद्या सगळ्या संघटना कायम करा म्हणून फलकाचा दाखला देतील. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांना ग्रॅनाइटवर कोर्टाची केस दिसत होती. फलक खर्चाच्या मंजुरीसाठी तसाही थांबलाच आहे, म्हणून मी मुद्दा चार 'विचाराधीन' ठेवून घेतला. नामंजूर लिहू दिलं नाही. विचाराधीन फाईल जिवंत असते.

10 मार्च 2022, गुरुवार

सावित्रीबाईंचा स्मृतिदिन. 1897 च्या प्लेगात पुण्याबाहेर मुलानं, डॉ. यशवंतनं उघडलेल्या दवाखान्यात त्या रोगी आणून पोहोचवत होत्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आल्या आणि त्याच साथीत गेल्या. हॉलमध्ये फोटोला हार घातला. भाषणात सगळं आलं, शाळा आली, सत्यशोधक समाज आला, प्लेग एका वाक्यात. यशवंतचा उल्लेख नाही. तो लष्करात डॉक्टर, म्हणजे नोकरीतला माणूस. 1905 मध्ये तोही प्लेगच्या रोग्यांत काम करताना गेला.

त्याच साथीत, त्याच पुण्यात सरकारी नोकरीत असताना मेलेला आणखी एक जण आहे: रँड. प्लेग समितीचा प्रमुख, 22 जून 1897 ला चापेकरांनी गोळी घातली. ड्युटीवर मेला म्हणून त्याच्यापुढं इथं कुणी हात जोडणार नाही, आणि बरोबर आहे ते. सोजिरांना घराघरांत घुसवून बायकांना रस्त्यावर उभं करणारा माणूस होता तो. तेव्हा साथीत मरण आलं एवढ्यावर मान ठरत नाही. साथीत लोकांच्या दारात कसा गेला, यावर ठरतो. आमच्या यादीतही मी हे मनाशी तपासून पाहिलं. दोन नावांबद्दल गावात चांगलं बोलत नाहीत, लोकांवर दांडका उगारला म्हणतात. ती काढावीत असं मात्र मला वाटत नाही. दांडका उगारणं आणि रँड होणं यात फार अंतर आहे.

यशवंत वेतनावरचा, सावित्रीबाई कशावरच नव्हत्या. मुद्दा चारसाठी हे टिपणीत घालावं का? घातलं नाही. साहेब म्हणतील, भाषण नको, नियम सांगा.

24 मे, मंगळवार

परवा, रविवारी, जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्कार जाहीर केला. दहा लाखांवर बायकांना एकत्र. पुरस्कारानं मानधन वाढलेलं नाही. सकाळी आशांच्या गटप्रवर्तक आल्या, पेढे दिले, हसत म्हणाल्या, "मॅडम, जिनिव्हात आमचं नाव लागलं, पोर्चमध्ये कधी?"

बातमीचं कात्रण कोऱ्या कागदावर चिकटवलं, पृष्ठ क्रमांक घातला आणि फाईल पुन्हा पुटअप केली. टिपणी तीन ओळींची. नियम म्हणून 29 मे 2020 च्या शासन निर्णयातला 'मानसेवी' हा शब्द अधोरेखित करून जोडला. सहा महिन्यांपूर्वीच जोडायचा की, पण तेव्हा केंद्राच्या विम्याच्या नादात आशाताईची फाईल वेगळी पडली होती. तिचा विमा मार्चमध्ये जमा झालाय.

चार वाजता शेरा आला: 'नाव समाविष्ट करावे. पदनाम व गाव तपासावे.'

तपासलं. तिच्या गावाच्या नावात ळ आहे, आमच्या यादीत ल पडला होता. ग्रामपंचायतीला फोन करून, तिथल्या शिक्क्याचा फोटो मागवून खात्री केली. फलक करणाऱ्याला यादी पाठवली. त्याचं लगेच उत्तर, अक्षरं वाढली, दर वाढणार, मंजूर अंदाजपत्रकात बसत नाही. लेखा विभाग म्हणतो सुधारित अंदाजपत्रक लावा, नाहीतर ऑडिटला आक्षेप निघेल. निघू दे. उत्तराचा मसुदा करून ठेवलाय, संदर्भ क्रमांकासकट.

गुरुजींचं जिल्हाधिकारी कार्यालयाचं प्रमाणपत्र गेल्या आठवड्यात आलं, स्क्रीनशॉट परिशिष्ट म्हणून धरून. प्रस्ताव उद्याच्या टपालानं मंत्रालयात. मुलाचा मेल होता, फोन आता वापरायला घेऊ का म्हणून. मंजुरी येईपर्यंत थांब, असं कळवलं.